गिऱ्हाईक बाहेरचं हवं

ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये मला कुणी घेतलं की मी आधी एकच गोष्ट बघते. इथल्या लोकांकडे पैसा येतो तो कुणाकडून? मसाला खाणाऱ्याकडून, साडी नेसणारीकडून, चप्पल घालणाऱ्याकडून, की कालच ग्रुपमध्ये आलेल्या नव्या मेंबरकडून? पहिलं उत्तर मिळालं तर तिथं जरूर थांबावं, शिकावं, चार ओळखी कराव्यात. दुसरं मिळालं तर त्याच दिवशी बाहेर पडावं. छोट्या व्यावसायिकांच्या जाहिराती सांभाळणं हे माझं काम. या कामात मी पाहिलेली बहुतेक नुकसानं हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे झाली आहेत.

आधी चांगल्या ग्रुपबद्दल सांगते, कारण त्यांच्याविषयी फारसं लिहिलं जात नाही. २०२०च्या लॉकडाउननंतर गावोगावच्या बायकांनी, नोकरी गेलेल्या तरुणांनी, दुकान बंद ठेवावं लागलेल्या व्यापाऱ्यांनी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकायला सुरुवात केली. त्यातून एकमेकांना धरून राहिलेले असंख्य ग्रुप उभे राहिले. कुरिअरवाला कुठला बरा, पेमेंट अडकलं तर कुणाला फोन करायचा, जाहिरात नाकारली गेली तर काय बदलायचं, अशा शंभर बारीक गोष्टी तिथं विनामूल्य कळतात. माधवराव भिडे यांनी उभ्या केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या संस्थांनी समोरासमोर भेटून कामं एकमेकांकडे पाठवण्याची सवय आधीच लावली होती, तीच मोबाइलवर आली. एकट्यानं धंदा करणाऱ्याला रात्री अकरा वाजता प्रश्न पडतो आणि तेव्हा उत्तर देणारं कुणीतरी जागं असतं, याची किंमत मोठी आहे.

अशाच एका ग्रुपमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकला होता. खर्च ९,००० रुपये, ऑर्डरी १००, विक्री ४०,०००. खाली अभिनंदनाचा पाऊस. खर्चाच्या चौपटीहून जास्त विक्री! एका मुलानं मात्र विचारलं, "ताई, यातले पैसे हातात किती आले?" आणि ताईंनी वही उघडून सगळं लिहून पाठवलं. त्यांच्या परवानगीनं तो हिशोब इथं देते.

अर्धा किलोचं पाकीट ४०० रुपयांना. सगळ्या ऑर्डरी महाराष्ट्रातल्या आणि सगळ्या सीओडी, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे. १०० पाकिटं गेली आणि २२ परत आली. कुणी फोन उचलला नाही, कुणी घरी नव्हतं, कुणी "मी मागवलंच नाही" म्हणालं. या धंद्यात परत येणाऱ्या मालाला सगळे आरटीओ म्हणतात, आणि नव्या माणसाला पहिला फटका तिथंच बसतो. तर ७८ पाकिटांचे आले ३१,२००. आता खर्च. जाहिरातीचे ९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १०,६२०. कुरिअरचे जातानाचे ७० प्रमाणे ७,०००. परतीचे ६० प्रमाणे १,३२०. पिशवी, लेबल, खोका यांचे १५ प्रमाणे १,५००. मिरची, खोबरं, तेल, कांडप, गॅस आणि मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी धरून पाकिटामागे २००, म्हणजे ७८ पाकिटांचे १५,६००. बेरीज झाली ३६,०४०. ताईंच्या पदरचे ४,८४० रुपये गेले. परत आलेला मसाला पुन्हा विकता येईल असं धरून हा हिशोब आहे. काही पाकिटं फुटून आली होती, त्यांचं नुकसान वेगळं.

फेसबुकच्या पडद्यावर मात्र तेव्हाही ४०,०००च दिसत होते. पडदा खोटं बोलत नव्हता. त्याला ऑर्डर आलेली कळते, दार न उघडणारं गिऱ्हाईक कळत नाही. स्क्रीनशॉट दाखवून "माझ्या विद्यार्थ्यानं पहिल्याच महिन्यात लाखाची विक्री केली" असं कुणी सांगतं, तेव्हा तो आकडा याच जातीचा असतो. विक्री म्हणजे कमाई असं समजून माणसं कर्ज काढतात, म्हणून मी हे इतकं तपशिलात लिहिते आहे.

पुढं त्या ग्रुपनं ताईंना जे सुचवलं ते मला कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा मोलाचं वाटतं. पाकीट पाठवण्याआधी प्रत्येकाला फोन करा. आधी पैसे भरणाऱ्याकडून २० रुपये कमी घ्या. आणि मुख्य म्हणजे, ज्या ७८ घरांत मसाला पोचला त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी आवडला का विचारा, आणि पुन्हा निरोप पाठवू का हेही विचारून घ्या. जुन्या गिऱ्हाइकानं स्वतःहून दुसऱ्यांदा मागवलं की जाहिरातीचा खर्च शून्य. मग ४०० मधून २०० मालाचे, १५ बांधणीचे आणि ७० कुरिअरचे गेले तरी ११५ रुपये उरतात. मसाल्याच्या धंद्यात पैसा दुसऱ्या ऑर्डरीत आहे. ताईंना हे पटलं, त्यांनी जाहिरात कमी केली आणि वही वाढवली.

आता दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपकडे येते. त्याचं दार बहुतेक वेळा ९९ रुपयांच्या वेबिनारचं असतं. रविवारी सकाळी तीन तास. पहिला तास सरांच्या गरिबीचा, दुसरा त्यांच्या गाडीचा, आणि तिसऱ्या तासात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावू लागतं: पन्नास हजारांचा कोर्स पुढची पंधरा मिनिटं नऊ हजारांत. पुढच्या रविवारी तेच घड्याळ, तीच पंधरा मिनिटं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी जाहीर केली, त्यात ही खोटी घाई आहे. पण नियम झाला म्हणून घड्याळं थांबलेली नाहीत.

नऊ हजार भरल्यावर कळतं की खरी विद्या वरच्या पायरीवर आहे, आणि ती चाळीस हजारांना आहे. तिच्याही वर 'पर्सनल मेंटॉरशिप' आहे. ही शिडी फक्त आपल्याकडची नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ मध्ये 'माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन' नावाच्या उद्योगाविरुद्ध कोर्टात जाऊन तो बंद करायला लावला. २१ पायऱ्यांत ऑनलाइन श्रीमंती, अशी त्यांची हमी होती. सुरुवात ४९ डॉलरपासून, आणि वरच्या पायऱ्यांची किंमत हजारोंच्या घरात. आयोगाच्या म्हणण्यानुसार लोकांनी त्यात १२.५ कोटी डॉलरहून अधिक पैसे घातले होते, आणि बहुतेकांचं नुकसान झालं होतं.

शिकवणाऱ्यानं फी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. चांगलं शिकवणाऱ्याला चांगले पैसे मिळावेत. फक्त त्याला विचारा, शिकवण्याव्यतिरिक्त तुमचं स्वतःचं कुठलं उत्पादन विकलं जातं, आणि ते आज मला विकत घेता येईल का? ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो लगेच सांगतो.

सगळ्यात वाईट तो कोर्स, ज्यात कोर्स विकायलाच शिकवतात. तुम्ही काही हजार भरून व्हिडिओंचा एक संच घ्यायचा आणि तोच संच मित्राला विकून त्यातला मोठा वाटा कमिशन म्हणून ठेवायचा. मित्रानं पुढं त्याच्या मित्राला. याला 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण अ‍ॅफिलिएटचं सरळ काम वेगळं आहे. अमेझॉननं ते १९९६ मध्येच सुरू केलं: कुणी तुमच्या शिफारशीवरून पुस्तक घेतलं, ते त्याला वाचायचं होतं म्हणून घेतलं, आणि दुकानानं तुम्हाला त्यातला थोडा हिस्सा दिला. तिथं शेवटी वाचणारा माणूस आहे. इथं संच घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो पुढं विकायचाच असतो.

हा खेळ आपण दोनदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. पहिल्यांदा 'स्पीक एशिया'. ११,००० रुपये भरून सभासद व्हायचं, घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत शिक्षक, बँकेतले कारकून, गृहिणी, सगळे त्यात होते. ज्या बड्या कंपन्यांसाठी हे सर्व्हे होतात असं सांगितलं जाई, त्यातल्या काहींनी २०११ मध्ये आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. पैसे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी सुरू झाली. दुसऱ्यांदा नोएडाची 'सोशल ट्रेड'. ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरा आणि मोबाइलवर आलेल्या लिंकवर क्लिक करा, प्रत्येक क्लिकचे ५ रुपये. त्याला डिजिटल मार्केटिंग म्हटलं जात होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं, तेव्हा सुमारे ३,७०० कोटी रुपये आणि साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असा आकडा त्यांनी दिला. दोन्हीकडे एकच विचारायचं होतं: या सर्व्हेचे, या क्लिकचे पैसे देणारं गिऱ्हाईक कोण? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला वर्षाला किती नफा सुटतो हे आपल्याला ठाऊक असतं. मग केवळ क्लिक करून तीन-चार महिन्यांत मुद्दल परत कसं येईल, ही शंका यायला हवी होती. काहींना आलीही होती, पण शेजाऱ्याच्या खात्यात पैसे जमा झालेले दिसत होते.

सचोटीनं धंदा करणाऱ्यांना आणखी एक धोका असतो, आणि त्यात कुणी लबाड नसतं. २९ जून २०२० च्या रात्री सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात शेताच्या बांधावरून व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींचे लाखो चाहते एका रात्रीत गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेझॉननं अमेरिकेतल्या अ‍ॅफिलिएटांचं फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, तेही जेमतेम आठवड्याभराची सूचना देऊन. निर्णय चूक की बरोबर हा वाद निराळा. सगळी कमाई एकाच अ‍ॅपवर टांगलेल्यांना सावरायला वेळ मिळाला नाही, आणि ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते, ईमेल होते, ते दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कामाला लागले. म्हणून मी वहीचा इतका आग्रह धरते. नंबर विकत घेऊन हजारोंना एकदम निरोप धाडणं मात्र करू नका. व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करतं, आणि लोक चिडतात ते योग्यच आहे.

कोर्स विकणाऱ्या ग्रुपांमधली आणखी एक सवय मला फार खुपते. "निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा" असं तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. निगेटिव्ह म्हणजे कोण? हिशोब विचारणारे वडील, "नोकरी सोडू नकोस" म्हणणारी बायको, "कागद दाखव" म्हणणारा मामा. बारावी झालेला, डिप्लोमा करणारा मुलगा आईचं मंगळसूत्र गहाण टाकून वरच्या पायरीचे पैसे भरतो आणि त्याच आईशी बोलणं कमी करतो, कारण ती प्रश्न विचारते. ज्या धंद्याला घरातल्या माणसांच्या साध्या प्रश्नांची भीती वाटते, त्याच्या वाऱ्यालाही मुलांनी उभं राहू नये असं मला वाटतं. आई-वडिलांनीही मुलाला मूर्ख ठरवून दार लावून घेऊ नये. तो कष्टाला तयार असतो, त्याला घराला हातभार लावायचा असतो, आणि नेमकं तेच हेरून त्याला गाठलेलं असतं.

पैसे गेल्यावर तक्रार करणारे कमी, आणि त्याचं कारण मला बायकांशी बोलताना कळलं. आपण बुडालो तोवर आपल्या सांगण्यावरून नणंद, मावसभाऊ, शाळेतली मैत्रीण यांनीही पैसे भरलेले असतात. पोलिसांत जायचं तर त्यांना तोंड दाखवावं लागेल, आपल्यालाच आरोपी धरतील, या भीतीनं माणसं गप्प बसतात. सूत्रधार त्या गप्प बसण्यावरच पुढचा ग्रुप काढतो. नवे सभासद जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनीही पिरॅमिड योजना मना केल्या आहेत. तेव्हा आधी त्या नणंदेला, त्या मैत्रिणीला खरं काय ते सांगा आणि सगळ्यांनी मिळून जा. पावत्या, चॅट, वेबिनारची लिंक, ज्या खात्यात पैसे भरले त्याचा तपशील, काहीही पुसू नका. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, कारण सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. कोर्सची फी, खोटी जाहिरात, न मिळालेला परतावा यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं.