हिशेब मागणाऱ्या एलुईसबाई

बालमित्रांनो, समजा, तुम्ही साठवलेले पैसे एका मोठ्या माणसाकडे ठेवायला दिलेत. परत मागायला गेलात तर तो म्हणाला, "किती होते, ते मी लिहूनच ठेवलं नाही!" मग काय कराल? रडाल? भांडाल? एलुईस कोबेल यांनी काय केलं, ते आज ऐका.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्लॅकफीट या आदिवासींचा राखीव प्रदेश आहे. तिथं १९४५ साली एलुईसचा जन्म झाला. आईवडील मोठ्या कुरणावर गुरं पाळायचे. घरात वीज नाही, नळ नाही. शाळा एका खोलीची!

१८८७ च्या कायद्यानं सरकारनं आदिवासींच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून ते एकेकाच्या नावावर केले. पण कारभार स्वतःकडेच ठेवला. चराई, लाकूड, तेल यांचे पैसे सरकार गोळा करणार आणि मालकांना देणार. प्रत्यक्षात कुणाला थोडे मिळत, कुणाला काहीच नाही. हिशेब तर कुणालाच मिळत नसे.

एलुईस मोठी झाली, हिशेबाचं काम शिकली आणि जमातीची खजिनदार झाली. गावातली एकुलती एक बँक बंद पडली, तेव्हा एलुईसबाईंनी खटपट करून १९८७ साली जमातीचीच बँक उभी केली. बँकेत पै न् पैचा हिशेब लागतो ना? मग सरकारला वेगळा नियम कसा? १९९६ साली त्यांनी थेट सरकारवरच खटला भरला. १९९७ साली त्यांना एक मोठा पुरस्कार मिळाला, त्यातले पैसेही त्यांनी या लढ्यात घातले.

खटला वर्षानुवर्षं चालला. तोवर कित्येक म्हातारी माणसं वाट बघत देवाघरी गेली. अखेर २००९ साली ३.४ अब्ज डॉलरची तडजोड झाली. खरं येणं याहून जास्त आहे, हे बाई जाणून होत्या. पण आणखी थांबलं तर घ्यायला माणसंच उरायची नाहीत, म्हणून त्यांनी ती मान्य केली.

ऑक्टोबर २०११ मध्ये कर्करोगानं त्या गेल्या. लोकांच्या हाती पैसे पडू लागले ते डिसेंबर २०१२ मध्ये. ते बघायला बाई नव्हत्या.

मुलांनो, हिशेब मागणं म्हणजे भांडण नव्हे, बरं का! आणि पालकहो, मुलांनी खाऊच्या पैशांचा हिशेब विचारला तर रागावू नका. वही काढून दाखवा.