स्थळप्रतींचे गाठोडे

गिरगावातील एखादी जुनी चाळ भाडेकरूंसह विकत घेऊ इच्छिणारा गृहस्थ भिंतींची ओल, जिन्याची लाकडे आणि मिळकतपत्रिकेवरील प्रत्येक फेरफार डोळ्यांत तेल घालून तपासतो. परंतु मालकाने पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींचे गाठोडे पुढे केले, म्हणजे मासिक वसुलीची बेरीज तेवढी टिपून ते परत करतो, ही उपेक्षा मला अत्यंत चिंताजनक वाटते.

मिळकतीत जो प्रत्यक्ष कब्जेदार आहे, त्याच्या हक्काची जाणीव खरेदीदारास होतीच, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम गृहीत धरतो. त्यामुळे ‘मला कोणी सांगितले नाही’ ही सबब पुढे चालत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकीही, निराळा करार नसल्यास, नव्या मालकाच्या पदरी पडत नाही. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आल्यानंतर झालेला भाडेकरार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

म्हणून इसार देण्यापूर्वी, विक्रेत्याची अनुमती घेऊन, खरेदीदाराने स्वतः प्रत्येक बिऱ्हाडी जावे, आणि स्थळप्रतीवरील नाव, भाडे व तारीख यांची भाडेकरूजवळच्या पावतीशी रुजुवात घालावी. पावती दिवंगत आजोबांच्या नावे आणि खोलीत नातू, असा प्रकार जुन्या चाळींत नित्याचा आहे. पण मूळ भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास कायदा भाडेकरूचा दर्जा देऊ शकतो, हे ध्यानी न घेता त्यास उपरा ठरविणारा खरेदीदार आरंभापासूनच दाव्याची बीजे पेरतो.

अनामत रकमेचा हिशेब तर सर्वांत नाजूक. ती विक्रेत्याने भाडेकरूस परत करावयाची, की किमतीतून वजा होऊन नव्या मालकाकडे यावयाची, हे खरेदीखतात स्पष्ट लिहिले नाही, तर पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात, आणि ज्याने पै-पै साठवून ती भरली, त्या माणसाला हेलपाटे घालावे लागतात. त्याची अनामत किती, शेवटची पावती कधीची, दुरुस्तीसंबंधी पूर्वीच्या मालकाने काय कबूल केले होते, हे त्यास विचारून त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती ठेवावी.