ट्रिक फसली तर डेक उभा राहतो का?

कॉलेजच्या कट्ट्यावर ‘मॅजिक : द गॅदरिंग’ खेळणारं एक तरी टोळकं असतंच. तुम्ही कधी बसला नसाल तर थोडक्यात सांगते. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने हा खेळ १९९३ मध्ये आणला. इथे ५२ पत्त्यांची ठरलेली गड्डी नसते. किमान ६० पत्त्यांचा डेक आपला आपण बांधायचा आणि समोरच्याचे २० लाइफ शून्यावर आणायचे. नेटवर जिंकणाऱ्या डेकच्या याद्या आयत्या मिळतात. पण माझं स्पष्ट मत आहे, पहिला डेक स्वतःच्या डोक्याने बांधा.

माझं डोकं फिरलं ते प्राण्यांच्या जातीवरून. प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर मधोमध त्याची जात छापलेली असते. एल्फ, गॉब्लिन, लांडगा वगैरे. ‘गॉब्लिन किंग’ बळ देतो ते फक्त इतर गॉब्लिनांना. आणि काही पत्ते चक्क जातच बदलतात! हे रूममेटला समजावताना मी मोठ्याने म्हणाले, “तीन मॅना भरले की जात बदलते.” मेसमध्ये क्षणभर सगळे गप्प, मग कुणीतरी म्हणालं, “एवढं स्वस्तात?”

तर ट्रिक अशी. ‘टर्नटिंबर रेंजर’ किंवा दुसरा कुणी ‘अ‍ॅलाय’ जातीचा प्राणी तुमच्या बाजूने मैदानात आला, की तुम्हाला एक लांडगा मिळतो. ‘आर्केन अडॅप्टेशन’ हा पत्ता आधी मांडायचा आणि जात निवडायची ‘अ‍ॅलाय’. आता लांडगाही अ‍ॅलाय झाला! तो आला म्हणून दुसरा, दुसरा आला म्हणून तिसरा. थांबायचं कधी, ते तुम्ही ठरवायचं. भारी ना?

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच डावात तीन मॅनाचं अडॅप्टेशन मांडलं, मग पाच मॅनाचा रेंजर. समोरच्या मित्राने शांतपणे एका मॅनाचा ‘लाइटनिंग बोल्ट’ रेंजरवर टाकला. माझ्या हाती उरला एक लांडगा. सलग पाच डाव हरले.

मग गणित मांडलं. एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात. ६० पत्त्यांत दोन्ही पत्त्यांच्या चार-चार प्रती असल्या, तरी पहिल्या सात पत्त्यांत दोन्ही एकत्र येण्याची शक्यता साधारण १४-१५ टक्के. म्हणजे सात डावांत एकदा. उरलेल्या सहा डावांत काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

खरं सांगायचं तर हे मी पत्त्यांतच केलं नव्हतं. गेल्या वर्षी एकाच एन्ट्रन्सवर सगळी भिस्त ठेवली होती. आई म्हणायची, “दुसरीकडेही फॉर्म भर गं.” मी चिडायचे. यादीत नाव लागलं नाही आणि दोन महिने हातात काहीच नव्हतं.

डेक सुधारायला मला ‘चेंजलिंग’ सापडले. हे प्राणी एकाच वेळी सगळ्या जातींचे असतात. ‘वुडलँड चेंजलिंग’ दोन मॅनात येतो, लढतो आणि अ‍ॅलायही असल्यामुळे रेंजर मैदानात असेल तर एक लांडगा मिळवून देतो. ट्रिक जमली तर मजाच, नाही जमली तरी खेळ चालू राहतो. तोटाही आहे. ‘इंजिनिअर्ड प्लेग’ने एखाद्या जातीला कमजोर करायचं म्हटलं, की कुठलंही नाव घ्या, चेंजलिंगला फटका बसतोच. म्हणून सगळा डेक चेंजलिंगांनी भरू नका.

“स्पर्धेत जिंकायचं तर तयार यादीच बरी,” असं माझा तोच मित्र म्हणतो. प्रवेश फी भरून उतरणार असाल तर त्याचं ऐका. पण आयता डेक हरला तर का हरला, हे तुम्हाला सांगता येत नाही. मला माझ्या पाचही पराभवांची कारणं सांगता येतात.

पैसे घालवण्याआधी एक करा. मित्रांमध्ये जुन्या पत्त्यांवर चिठ्ठ्या लावून खेळून बघा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, सरावाला चालतं. मग ट्रिकचे पत्ते मुद्दाम बाजूला काढा, त्यांच्या जागी साधे प्राणी घाला आणि चार डाव खेळा. तरीही मजा आली, तर ट्रिक परत घाला आणि बिनधास्त खरेदीला जा. आणि हो, यंदा मी तीन ठिकाणी फॉर्म भरलेत.