नारिंगी पुडी आणि घरातली मोरी

घरच्या घरी स्क्रीन छपाई करून लग्नपत्रिका, भेटकार्डे, कापडी पिशव्या आणि लहानसहान कारखानदारांच्या मालाची वेष्टने छापून देणारी मंडळी आज महाराष्ट्रातील गावोगावी आढळतात. आणि ज्या उद्योगाला ना प्रशस्त जागा लागते, ना यंत्रसामग्रीसाठी सावकाराच्या किंवा बँकेच्या दारी जावे लागते, एका खोलीत, एका टेबलावर आणि दुपारच्या फुरसतीत जो चालू शकतो, त्या उद्योगाची भरभराट व्हावी असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. सबब पुढे जी तक्रार मांडावयाची आहे ती या उद्योगाविषयी नाही, हे आरंभीच नमूद करतो. तक्रार आहे ती त्याच्या एका जुन्या सवयीविषयी. बाजारातून कागदाच्या पुडीत किंवा बिनचिठ्ठीच्या बाटलीत येणाऱ्या, नारिंगी खड्यांच्या त्या बायक्रोमेटविषयी.

या व्यवसायातील खरे कौशल्य छापण्यात असते असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. वस्तुतः शाई ओतून स्क्वीजी ओढणे हे चार दिवसांत हाताला बसणारे काम होय. कसोटी लागते ती त्यापूर्वी, स्टेन्सिल तयार करताना. चौकटीवर ताणून बसविलेली पॉलिएस्टरची जी बारीक जाळी आपले छपाईकार अद्याप बोल्टिंगचे कापड या नावाने ओळखतात, ती प्रथम साबणाच्या पाण्याने निर्मळ धुवावी लागते, कारण बोटाचा किंचित स्निग्धांश जरी तिच्यावर राहिला तरी त्या जागी थर धरत नाही आणि पुढे सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून शाई पाझरू लागते. कापडावरील ठळक कामासाठी सेंटिमीटरला चाळीस-पन्नास धाग्यांची जाळी पुरते. पत्रिकेवरील नाजूक अक्षरासाठी ती शंभराच्या वर जावी लागते. मग पिवळ्या दिव्याच्या मंद उजेडात ॲल्युमिनियमच्या पन्हळीतून इमल्शनचा सारखा थर दोन्ही अंगांनी चढवून, चौकट आडवी आणि छपाईची बाजू खाली ठेवून अंधारात वाळवावयाची, म्हणजे ओला थर स्वतःच्या भाराने कागदाला टेकणाऱ्या अंगाकडे उतरतो आणि अक्षराची कड तिथेच रेखीव उमटते. वाळलेल्या जाळीवर पॉझिटिव्ह, म्हणजे ट्रेसिंग कागदावर दाट काळ्या शाईत काढलेले किंवा लेसर छपाईने उतरविलेले चित्र, त्यावर दडपण राखणारी काच, खाली स्पंज आणि काळे कापड, अशी रचना करून ती उन्हात किंवा अतिनील किरणांच्या नळ्यांखाली नेमका वेळ धरावयाची, आणि लगेच पाण्याने धुवावयाची. जेथे उजेड पोचला तेथे थर कठीण होऊन राहतो; जेथे काळ्या शाईने तो अडविला तेथे थर विरघळून जाळी उघडी पडते. त्या उघड्या जाळीतूनच पुढे शाई उतरते.

प्रकाशाने थर कठीण का होतो, याचे उत्तर त्या नारिंगी खड्यांत आहे, आणि माझ्या तक्रारीचे मूळही तेथेच. इमल्शनचा मुख्य घटक असलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोल स्वभावतः पाण्यात विरघळते. त्यात अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेट मिसळून थर वाळविला, की त्यातील क्रोमियम षट्संयुजी अवस्थेत प्रकाशाची वाट पाहत राहते; किरण पडताच त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होते आणि हे नवे क्रोमियम त्या लांबलचक रेणूंच्या परस्परांत अशा गाठी मारते, की थर पुन्हा पाण्याला दाद देत नाही. षट्संयुजी क्रोमियम विषारी, तर त्रिसंयुजी त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. म्हणजे प्रकाशाने केलेले हे काम एका परीने विष उतरविण्याचेही आहे. परंतु जेथे काळी शाई होती, तेथे प्रकाशाने काहीच केलेले नसते. तेथील क्रोमियम जसेच्या तसे षट्संयुजी राहते, आणि धुण्याच्या वेळी मोरीत उतरते ते प्रामुख्याने हेच. पत्रिकेवर गणपती जितका भरघोस आणि अक्षरे जितकी ठसठशीत, तितके अधिक विष पाण्यात जाते, असा हा विपरीत हिशेब आहे.

ही युक्ती आजची नाही आणि तिचे घराणेही सामान्य नाही. पोटॅशियम बायक्रोमेटमध्ये भिजविलेला कागद उन्हात काळवंडतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन याने १८३९ मध्ये दाखविले. १८५२ मध्ये टॅल्बट याने सरस आणि बायक्रोमेट यांच्या थराचे प्रकाशाने कठीण होणे पेटंटात नोंदविले, आणि १८५५ मध्ये फ्रान्समध्ये प्वातव्हँ याने त्याच तत्त्वावर छपाईच्या पद्धती उभारल्या. मुंबई इलाख्याच्या मोजणीचे व महसुलाचे नकाशे ज्या पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यातून निघत, त्याच्या नावातील प्रक्रियाही याच सरस-बायक्रोमेटच्या कुळातली. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व छपाईच्या विद्या शिकलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोची कामे करीत आणि पुढे लोणावळ्यास त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. त्या काळच्या कारागिराच्या फडताळात बायक्रोमेटची बाटली असणे हे लोहाराच्या भात्याइतकेच स्वाभाविक होते. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले, तेव्हा तिच्यावर प्रकाशाने स्टेन्सिल पाडण्याची कल्पना अवघ्या काही वर्षांत सुचली ती यामुळेच, की रसायन आधीच हाताशी होते. शतकाहून अधिक काळ इमानेइतबारे चाकरी केलेल्या पदार्थाला निरोप द्यावा असे म्हणताना मला त्याच्या कर्तबगारीचा विसर पडलेला नाही.

परंतु फोटोझिंको छापखान्यातील कामगार घरच्या मोरीत ताटल्या धूत नव्हता. षट्संयुजी क्रोमियम त्वचेच्या बारीकशा चिरेतून आत गेले की सावकाश भरणारी, खोल, वर्तुळाकार क्षते पडतात आणि त्याची धूळ श्वासातून जात राहिल्यास नाकाचा पडदा झिजून आरपार छिद्र पडते, हे एकोणिसाव्या शतकातील क्रोमेट कारखान्यांतूनच वैद्यांना ज्ञात झाले होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये या संयुगांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात घातले. तेथे प्रधान भीती धुळीची, आणि चमच्याने खडे कुटून मोजणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी. याहून अधिक घरोघर भेटणारा उपद्रव म्हणजे त्वचेची ॲलर्जी. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही, आणि मग ज्याने छपाई केव्हाच सोडली त्यालाही कमावलेल्या चामड्याच्या चपलेने आणि सिमेंटच्या स्पर्शाने खाज सुटते. कारण या दोहोंतही क्रोमियमचा अंश असतो. आपल्याकडे तमिळनाडूतील रानीपेटच्या बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात साचलेल्या ढिगांनी भूजल कसे नासले, हेही सर्वश्रुत आहे.

आता कोणी म्हणेल, आणि असे म्हणणारे अनुभवी व सज्जन लोक आहेत, की कुठे तो कारखाना आणि कुठे आमची चिमूटभर पुडी! आक्षेप रास्त दिसतो म्हणून चिमटीचाच हिशेब करू. अमोनियम बायक्रोमेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४१० मिलिग्रॅम क्रोमियम असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅमने आठ हजारांहून अधिक लिटर पाणी मर्यादेला जाऊन पोचते. कातडी कमावण्याच्या किंवा मुलामा देण्याच्या कारखान्याला निदान परवाना असतो, निरीक्षक असतो, सांडपाण्याची तपासणी असते, मग त्यांचा अंमल कितीही ढिला का असेना. घरातल्या मोरीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, आणि ज्या गावांत सांडपाणी शोषखड्ड्यात मुरते तेथे त्या मोरीचे आणि शेजारच्या विहिरीचे अंतर किती, हे मोजावयास कोणी जात नाही.

युरोपीय संघात विशेष परवानगीवाचून बायक्रोमेट वापरण्याची मुभा २०१७ मध्ये संपुष्टात आली. तेथील स्क्रीन छपाई त्याने बंद पडली नाही, कारण पर्याय कितीतरी आधी रूढ झाला होता. डायझो हा तो पर्याय. नगरपालिकेत बांधकामाच्या परवानगीसाठी जे अमोनिया प्रिंटचे नकाशे आपण वर्षानुवर्षे दाखल केले, त्यांच्यावरील रसायन याच डायझो कुळातले. तेव्हा हा पाहुणा आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाही. इमल्शनच्या डब्याबरोबर एक लहान कुपी येते, तिच्यातील भुकटी पाण्यात कालवून डब्यात मिसळली की काम भागते. डायझोही काही तीर्थ नव्हे, हातमोजे त्यालाही हवेत. पण त्यात क्रोमियम नाही.

मग तो घरोघर पोचला का नाही? दुकानदार स्वस्ताई पुढे करतो. माझ्या मते मुख्य कारण निराळे आहे. बायक्रोमेट उन्हात झटपट काम उरकते, डायझोला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि त्या वाढीव वेळात पॉझिटिव्हमधील कच्चेपणा उघडा पडतो. ट्रेसिंग कागदावर लेसरने काढलेले काळे अक्षर डोळ्याला काळे दिसले तरी उजेडापुढे धरल्यास पिंगट असते. त्यातून किरण झिरपतात आणि जेथे थर मऊ राहावयाचा तेथेही तो थोडा धरतो. शिवाय पांढऱ्या जाळीच्या धाग्यांतून प्रकाश आडवा पसरून कडा आत सरकतात. देवनागरीला हा जाच रोमन लिपीहून अधिक सोसावा लागतो, कारण आपल्या अक्षरांत बारीक पोकळ्या, रफार आणि टिंबे फार. ‘चि. सौ. कां.’ मधील अनुस्वार बुजला आणि ‘श्री’ चा पोटातील कोपरा भरला, की यजमान पत्रिका परत करतो. आणि छपाईकार डायझोला दोष देऊन पुन्हा नारिंगी पुडीकडे वळतो. वास्तविक दोन पॉझिटिव्ह तंतोतंत एकावर एक ठेवून काळेपणा दुप्पट करणे, बारीक कामाला पिवळ्या रंगाची जाळी घेणे, आणि एकाच चौकटीवर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवीत वाढत्या वेळांची पट्टी पाडून आपल्या गच्चीवरच्या उन्हाला नेमका किती वेळ लागतो हे एकदा ठरविणे, एवढ्याने हा दोष जातो. वेळ कमी पडल्यास थराची आतली बाजू बुळबुळीत होऊन धुपते आणि शे-दोनशे प्रतींनंतर स्टेन्सिल खचते. जास्त झाल्यास टिंबे बुजतात. या दोहोंमधली जागा शोधणे ही खरी तालीम, आणि बायक्रोमेटच्या घाईने ती कोणाला लागूच दिली नाही, हे त्याच्यावरचे माझे दुसरे आरोपपत्र.

घरच्या कामाला तर डायझोच अधिक मानवतो. बायक्रोमेटचा वाळलेला थर अंधारातही आपोआप कठीण होत जातो, उन्हाळ्यात तर फारच त्वरेने, म्हणून जाळी लावली की त्याच दिवशी ती उजेडाला धरणे भाग असते. जिचा दिवस स्वयंपाक, मुलांची शाळा आणि आल्यागेल्यांची सरबराई यांतून तुकड्या-तुकड्यांनी मिळतो, तिला रात्री जाळी लावून दोन दिवसांनी सवडीने ऊन दाखविता येणे ही केवढी सोय! डायझोची जाळी अंधाऱ्या, कोरड्या कपाटात आठवडेच्या आठवडे टिकते आणि मिसळलेले इमल्शनही थंड जागी काही आठवडे राहते. ती थंड जागा म्हणजे दुधाच्या पातेल्याशेजारचा फ्रिजचा कप्पा असू नये, एवढे मात्र बजावून सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ते तसेच होणार. कोकणात आषाढ-श्रावणात थर पुरता वाळत नाही, ही अडचण खरी आहे. दमट थर प्रकाशाने नीट धरत नाही. पण ती दोन्ही रसायनांना सारखीच, आणि तिला पंखा व बंद कपाट हाच उतारा.

स्क्रीन छपाईचे अल्पमुदतीचे वर्ग चालविणाऱ्या शासकीय व खाजगी संस्थांनी बायक्रोमेटची कृती पाठांतून काढून टाकावी आणि वेळेची पट्टी पाडण्याचा धडा पहिल्या आठवड्यात आणावा, ही माझी पहिली मागणी. वर्गात जे हाताला लागते तेच माणूस पुढे जन्मभर घरी करतो, हा शिरस्ता शिक्षकांना मी सांगावयास नको. किरकोळ दुकानदारांनी हा जिन्नस सुटा, पुडीत बांधून विकणे थांबवावे. प्रयोगशाळांना व कारखान्यांना तो लागेल तर मूळ बाटलीत, धोक्याच्या चिठ्ठीसह आणि खरेदीदाराच्या नोंदीनिशी द्यावा.

उरतो प्रश्न आज घराघरांत पडून असलेल्या पुड्यांचा. त्या मोरीत ओतू नयेत आणि ओल्या कचऱ्यातही टाकू नयेत. कोरड्याच, घट्ट झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचरा स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक केंद्र उघडण्याचे आणि त्याच्या वेळा जाहीर करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले होते. आपल्या गावातील असे केंद्र कोठे आहे आणि ते कोणत्या वारी उघडे असते, हे विचारणारी एक लेखी दरखास्त गावच्या सर्व छपाईकारांनी सहीनिशी नगरपालिकेच्या आवक-विभागात दाखल करावी आणि पोचेवर शिक्का घेतल्याखेरीज तेथून हलू नये.