तालमीत आवाज कोराच हवा

दिवेआगरला एका नातलगाच्या वाडीत मुक्कामाला होतो. शेजारच्या पडवीत पोरांच्या बँडची तालीम चालली होती, लग्नसराई तोंडावर आलेली. ड्रम, कीबोर्ड, एक माइक आणि लॅपटॉप. गाणं झालं की पोरं रेकॉर्डिंग ऐकायची. गायक पोरगा जेमतेम विशीचा, पण सूर कुठंच हलत नव्हता. लॅपटॉपवर ऑटो-ट्यून सुरू होतं.

मी म्हटलं, "बेटा, ते काढून ऐकव." ऐकलं तर अंतऱ्यात आवाज उतरत होता. पोरगा ओशाळला. "चाचा, म्हणूनच तर लावतो!"

इथंच माझा मतभेद आहे. ड्रमच्या दणक्यात त्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता, म्हणून सूर सुटत होता. दुखणं ते होतं आणि सॉफ्टवेअर ते झाकत होतं. मग आम्ही ड्रम माइकच्या पाठीमागे घेतला. गाण्याचे माइक सहसा मागचा आवाज कमी पकडतात. कीबोर्ड हळू केला. एका कानाला हेडफोन लावून त्याला त्याचाच आवाज ऐकवला. कंप्रेसरही काढला, कारण तो हळू आवाज वर आणताना माइकमध्ये शिरलेला ड्रमही वर आणतो. तिसऱ्या खेपेला सूर बराच जागेवर आला.

1997 साली आलेल्या ऑटो-ट्यूनशी माझं वैर नाही. पण ते कडक लावलं की प्रत्येक सूर ठरलेल्या पट्टीवर ओढून बसवतं आणि मींड सपाट होते. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी (निधन 1937) कृष्णाजी बल्लाळ देवलांना श्रुतींच्या अभ्यासात साथ दिली होती. बारा सुरांमधल्या त्या बारीक जागा हेच तर आपल्या गाण्याचं धन आहे. तालमीतच त्या पुसल्या, तर पोरांना त्या कधी सापडायच्या?

म्हणून माझं सांगणं एवढंच: तालमीचं रेकॉर्डिंग कोरं ठेवा. गायकाला गुंज हवी असेल तर ती ऐकण्यापुरती द्या, रेकॉर्डिंगमध्ये नको. लग्नाच्या रात्री काय लावायचं ते तुम्ही ठरवा.

पोरगा ते पहिलं, उतरलेलं रेकॉर्डिंग डिलीट करायला निघाला होता. मी ठेवायला लावलं. महिन्याभरानं पुन्हा ऐकेल, तेव्हा किती पल्ला गाठला हे त्याचं त्यालाच कळेल.