सूत्रे घेणारा हात हवा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेली माणसे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहरात भेटतात. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले, कलाभवन १८९० मध्ये, आणि १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा सारा वारसा त्यात सामावला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली मराठी घराणी आणि इंग्रजी माध्यम यांमुळे तेथील पदवीधर सर्वदूर पसरले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी वेंकटरामन रामकृष्णन यांची भौतिकशास्त्राची पदवी याच विद्यापीठाची, १९७१ ची. असे पाच-पंचवीस जण एका शहरात जमावेत, सेव-उसळीच्या आणि नवरात्रातल्या गरब्याच्या आठवणी निघाव्यात, की माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची कल्पना पुढे आलीच. बनारसचे असोत वा धारवाडचे, सगळीकडे मंडळे अशीच जन्माला येतात. आणि त्यांतली कित्येक दहा-बारा वर्षांत निपचित पडतात.

यावर ठरलेले स्पष्टीकरण असे की, तरुणांना आस्था उरलेली नाही. मला ते मुळीच पटत नाही. हीच तरुण मंडळी रविवारी पहाटे उठून टेकडीवरच्या रोपांना पाणी घालतात, गडकोटांवर जाऊन श्रमदान करतात. आमच्या मंडळांत ती येत नाहीत, कारण तेथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. कोजागरीचे दूध, एक व्याख्यान, ज्येष्ठांचा सत्कार, भोजन. यात पंचविशीतल्या सभासदाने करायचे काय? खुर्च्या मांडायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

अध्यक्ष, चिटणीस आणि कोषाध्यक्ष मात्र पंधरा-पंधरा वर्षे तेच असतात. त्यांना पदाचा मोह असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेकांनी ते पद दुसरा कोणी घेईना म्हणून सांभाळलेले असते. परंतु परिणाम व्हायचा तो होतोच. सभासदांची यादी एकाच्या रोजनिशीत, इतिवृत्ताची वही दुसऱ्याच्या माळ्यावर, धनादेश-पुस्तिका तिसऱ्याच्या कपाटात. एखादा मुलाकडे परदेशी जातो, एखादा जग सोडून जातो, आणि मंडळ कागदोपत्री जिवंत असूनही हात-पाय हलवू शकत नाही.

हे सर्वांत आधी ध्यानात येते ते बँकेच्या खिडकीपाशी. शाखेतील सहकाऱ्यांना हा प्रसंग नवा नसेल. बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराकडून कोणताही व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे लोटली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाही; योग्य व्यक्तीने मागितल्यास परत मिळते. पण मंडळाच्या बाबतीत ही योग्य व्यक्ती कोण? वैयक्तिक खात्याला नामनिर्देशन असते, वारस असतात. संस्थेच्या खात्याला नामनिर्देशन नाही. तिचा वारस म्हणजे रीतसर बोलावलेल्या सभेत संमत झालेला ठराव. नव्या स्वाक्षरीकर्त्यांची नावे त्या ठरावात हवीत, त्यांची ओळखपत्रे हवीत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्जही द्यावा लागतो. वर्षानुवर्षे सभाच झालेली नसेल, तर गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी कोणा सभासदाने कौतुकाने दिलेली ठेव तशीच पडून राहते, आणि ज्यांच्यासाठी ती दिली ती मुले शिकून मोठीही होऊन जातात.

म्हणून माझ्या मते पुनरुज्जीवनाची सुरुवात भव्य मेळाव्याने करू नये. ती सर्वसाधारण सभेने करावी. पदाची मुदत दोन वर्षे, लागोपाठ दोन खेपांहून अधिक नाही, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याबरोबर पस्तिशीच्या आतला एक सहकारी पहिल्या दिवसापासून. त्या सहकाऱ्याला खात्यावर सही करण्याचा अधिकार द्यावा. नुसते ‘युवा प्रतिनिधी’ हे बिरुद देऊन बोळवण करू नये.

दुसरी सूचना काहींना कटू वाटेल. आजीव सदस्यत्व बंद करावे. एकदाच पाचशे रुपये घेतले, की त्या सभासदाशी पुन्हा बोलण्याचे निमित्तच संपते. मग त्याचा पत्ता बदलतो, क्रमांक बदलतो, आणि यादीत तो वर्षानुवर्षे ‘आजीव’ राहतो! वार्षिक वर्गणी शंभर रुपये असली तरी चालेल, परंतु ती मागण्यासाठी वर्षातून एकदा कोणीतरी दूरध्वनी करील. मोबाइलवरचा समूह हे काम करीत नाही. तेथे सकाळच्या शुभेच्छा पोहोचतात, पण कोण आजारी आहे हे कळत नाही.

आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या तुकडीने २०२३ मध्ये आपल्या संस्थेला सत्तावन्न कोटी रुपये दिले, तेव्हा अनेक मंडळांना आपणही असे काही करावे, अशी उमेद आली असेल. ती उमेद चांगली, पण तुलना चुकीची. अशा देणगीमागे पूर्णवेळ कर्मचारी असलेली यंत्रणा असते. शहरातले मंडळ हौशी माणसांच्या फावल्या वेळावर चालते. त्याचे काम वेगळे आहे.

ते काम कोणते? पहिल्या नोकरीसाठी बडोद्याहून पुण्यात आलेल्या मुलीला घर पाहायचे आहे. कोणत्या भागात राहावे आणि अनामत किती देणे रास्त, हे सांगणारे माणूस तिला हवे. कोणाच्या मुलाला तेथे प्रवेश मिळाला आहे, त्याला वसतिगृहाची माहिती हवी. उलट बाजूने पाहावे, तर सत्तरी ओलांडलेले किती तरी सभासद एकटे राहतात. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्या देता येतो, आणि आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. आजोबांना ते अवघड, नातवाच्या वयाच्या सभासदाला पाच मिनिटांचे. ज्या मुलीला जूनमध्ये घर शोधून दिले, तिलाच नोव्हेंबरात हे काम सांगावे. ती नाही म्हणणार नाही, आणि पुढच्या सभेत चिटणीसपदासाठी तिचे नाव सुचवायला कोणाला संकोच वाटणार नाही.

एवढे मात्र पाहावे, की मावळत्या चिटणीसांनी माळ्यावरची वही तिच्या हाती त्याच दिवशी द्यावी आणि ठरावाची प्रत घेऊन कोषाध्यक्षांसह शाखेत यावे. जुने स्वाक्षरीकर्ते सोबत असताना ही कामे लवकर उरकतात.