मागच्याच्या मापाचे पाऊल

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी हे खेडे त्याहूनही हजार फूट उंचावर वसले आहे आणि केदारकांठा या १२,५०० फूट उंचीच्या शिखराची चढण तेथून सुरू होते. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा उंचीचा हिशेब सहज उमगतो. हिवाळ्यात त्या वाटेवर साचणाऱ्या बर्फाचा हिशेब मात्र सह्याद्री शिकवीत नाही.

नुकत्याच पडलेल्या बर्फात बहुतांशी हवाच असते. दिसायला तो पिंजलेल्या कापसासारखा. पाऊल टाकले की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि प्रत्येक वेळी तो उपसून काढावा लागतो. त्यामुळे जो सर्वांत पुढे चालतो, त्याला श्रम सर्वाधिक. मागून येणारा त्याने पाडलेल्या खळग्यांत पाय ठेवतो, म्हणून त्याची चाल पुष्कळ हलकी होते. अशा वाटेवर सशक्त माणसे पाळीपाळीने पुढे होतात. एकालाच सारा भार सोसवत नाही.

गेल्या जानेवारीत मी या वाटेने गेलो. समवेत माझे एक स्नेही होते. ते कापडाचे व्यापारी. मी शाखेत असताना ते आमचे खातेदार होते; पुढे मी निवृत्त झालो, तरी स्नेह वाढतच राहिला. दोघांनीही साठी ओलांडलेली, म्हणून वैद्यकीय तपासणी करूनच निघालो होतो. वाटाड्या सांकरीचाच एक तरुण होता.

देवदार आणि पाइनच्या वनातून पहिल्या दिवशी आम्ही जुडा तलावाकडे निघालो. आदल्या रात्रीच्या हिमवर्षावाने जुनी वाट बुजली होती. वाटाड्याची ढांग लांब. माझ्या स्नेह्यांचा पाय त्याच्या दोन खळग्यांच्या मध्येच पडे, नव्याने रुते आणि श्रम दुप्पट होत. थोड्या वेळाने त्या तरुणाने मागे वळून हे पाहिले. काही न बोलता तो क्षणभर त्यांची चाल न्याहाळत राहिला आणि मग त्याने आपली पावले आखूड केली. संध्याकाळी मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “वाट पाडणाऱ्याने आपल्या पायाचे माप धरायचे नसते, मागच्याच्या पायाचे धरायचे असते.” तलाव गोठून पांढरा झाला होता, मला त्या दिवशीची खरी कमाई हे वाक्यच वाटले.

शिखराकडे निघायचे ते पहाटे तीनला. रात्रीच्या थंडीने बर्फ कडक झालेला असतो, पाय कमी रुततो; ऊन चढले की तोच बर्फ मऊ पडतो आणि उतरताना पाय घसरतो. म्हणून आदल्या रात्रीच ठरले होते, की सकाळी नऊपर्यंत पोहोचलो नाही तर जेथे असू तेथून परतायचे आणि तिघांपैकी एकाची प्रकृती बिघडली तर तिघांनीही परतायचे.

साडेसातच्या सुमारास आम्ही झाडांची रेषा मागे टाकून उघड्या कड्यावर आलो. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ व काळानाग यांच्या माथ्यांवर ऊन आले होते आणि आमचे शिखर जेमतेम तीन-चारशे फुटांवर राहिले होते. तेथेच माझे स्नेही थांबले. डोके ठणकत होते, मळमळत होते आणि पाऊल ठेवतील तेथे पडत नव्हते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो; ही विरळ हवेने जडणाऱ्या आजाराची लक्षणे होती.

ते म्हणाले, “साहेब, तुम्ही दोघे जाऊन या. मी या खडकाआड बसतो. इथवर येऊन दोघांचेही पैसे कशाला वाया घालवायचे?”

मी म्हटले, “शेठ, गेलेले पैसे मोजून पुढचा सौदा करायचा नसतो, हे मला तुम्हीच सांगत आलात.”

ते हसले, पण उठायला त्यांना हाताचा आधार लागला. घामाने ओला झालेला माणूस वाऱ्यात स्वस्थ बसला, तर शरीर झपाट्याने थंड पडते आणि थंडीने आधी विचारशक्तीच मंदावते. मला काही झालेले नाही, असे तो सांगतो, तेव्हा त्याच्यावर विसंबता येत नाही. या आजारावर पहिला उपचार एकच, खाली उतरणे. आम्ही तळावर न थांबता थेट तलावापर्यंत उतरलो. दुपारी त्यांचे डोके उतरले आणि त्यांनी आपण होऊन चहा मागितला. त्या वेळी मला जे समाधान वाटले, ते शिखरावर वाटले असते की नाही, कोण जाणे.

वाचकहो, आपल्या पेढ्यांत आणि दुकानांतही कोणीतरी पुढे चालून वाट पाडलेली असते. वडिलांची ढांग मोठी असते, याचा घराला अभिमान असतो. पण मुलाचा किंवा धाकट्या भावाचा पाय त्या खळग्यांत पोहोचतो की नाही, हे अधूनमधून मागे वळून पाहिले पाहिजे. मागच्याची दमछाक झाली, तर तो स्वतः क्वचितच सांगतो. ‘तुम्ही व्हा पुढे’ एवढेच म्हणतो. ते शब्द संमती समजून आपण पुढे निघून गेलो, तर मागे काय होते ते आपल्याला दिसतही नाही.

केदारकांठ्याला कोणी जाणार असतील, तर त्यांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा, एक दिवस हाताशी राखावा आणि परतण्याची वेळ आदल्या रात्री, मन शांत असताना ठरवावी. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.